बापीण, मगर आणि एक कोटी सह्या

२६ जुलै १८८७ रोजी वॉर्सामध्ये ४० पानांचं एक रशियन पुस्तक प्रसिद्ध झालं. लेखकाचं नाव छापलं होतं डॉक्टर एस्पेरांतो, म्हणजे आशेवर असलेला डॉक्टर. पुस्तकात एका नव्या आंतरराष्ट्रीय भाषेची ओळख होती, १६ नियमांत उरकलेलं व्याकरण होतं, नऊशेच्या आसपास मूळ शब्द होते आणि काही छापील चिठ्ठ्या होत्या. चिठ्ठी फाडायची, नाव-पत्ता लिहायचा आणि डॉक्टरांकडे पाठवायची. मजकूर साधारण असा : एक कोटी लोकांनी जाहीरपणे असंच वचन दिल्याचं दिसून आलं, तर ही भाषा शिकण्याचं मी वचन देतो.

जगाचं भलं करायला निघालेल्यांना माणसांची पारख नसते, असा एक समज आहे. या डॉक्टरांना ती चांगलीच होती. ‘सगळे करणार असतील तर मी करतो’ हे वाक्य हेल्मेट घालण्यापासून ओला-सुका कचरा वेगळा करण्यापर्यंत प्रत्येक बाबतीत आपण मनातल्या मनात म्हणतच असतो. त्यांनी ते छापून, खाली सहीला जागा सोडून दिली. भाषा आत्ता शिकायची नाहीच. फक्त शिकेन म्हणायचं. तेही बाकीच्यांनी म्हटलं तर. इतक्या बिनखर्चाच्या चळवळीलाही लोक येईनात. दोन वर्षांनी डॉक्टरांनी यादी छापली तेव्हा तिच्यात हजार नावं होती. एक कोटीला ९९ लाख ९९ हजार कमी.

दुसरा कुणी असता तर त्याने यादी कपाटात टाकून दवाखान्यात लक्ष घातलं असतं. यांनी ती नावं पत्त्यांसकट छापली आणि लोकांच्या हाती दिली. मग त्या हजारांतले काही जण एकमेकांना पत्रं लिहू लागले. एक कोटींची वाट कुणी पाहिली नाही.

एस्पेरांतो हे टोपणनाव पुढे भाषेलाच चिकटलं. डॉक्टरांचं खरं नाव लुडविक लेझर झामेनहोफ. जन्म १५ डिसेंबर १८५९ चा, गाव ब्यालिस्तोक. आज पोलंडमध्ये, तेव्हा रशियन साम्राज्यात. गावात ज्यू, पोल, रशियन, जर्मन आणि बेलारूसी अशी वस्ती. प्रत्येकाची भाषा वेगळी, देव वेगळा, आणि शेजाऱ्याविषयीचं मत मात्र सगळ्यांचं एकच. लहानग्या लुडविकने बाजारात, रस्त्यात ही भांडणं पाहिली आणि निष्कर्ष काढला, की यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही म्हणून हे भांडतात. एकदा कळू लागलं की थांबतील.

या ठिकाणी डॉक्टरांना हळूच बाजूला घेऊन सांगावंसं वाटतं, की साहेब, जरा मराठी साहित्य संमेलनाला येऊन जा. तिथे जमलेल्या प्रत्येकाला दुसऱ्याचं बोलणं अक्षर न् अक्षर कळतं. अडचण तिथूनच सुरू होते. योगायोग असा, की न्या. रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांचं पहिलं संमेलन पुण्यात भरलं ते १८७८ साली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात वॉर्सामध्ये शाळकरी झामेनहोफने आपल्या भाषेच्या पहिल्या खर्ड्याचा वाढदिवस केक कापून साजरा केला. चार मित्र जमले, नव्या भाषेत गाणं म्हटलं, केक संपला. पुढे मित्र मोठे झाले, लोक हसू लागले आणि मित्रांनी अंग काढून घेतलं. वडिलांनी पोराला डॉक्टरकी शिकायला मॉस्कोला पाठवलं आणि वह्या आपल्याकडे ठेवून घेतल्या. वडील भाषांचे शिक्षक. पुढे सरकारी सेन्सॉरचंही काम त्यांनी केलं. मुलाच्या पाठीमागे त्यांनी त्या वह्या जाळल्या, असं चरित्रकार सांगतात. सेन्सॉरच्या घरात हे व्हायचंच. मुलाने परत येऊन आठवणीतून सगळं पुन्हा लिहून काढलं. पुढे पुस्तक छापायला पैसे मिळाले ते बायकोच्या हुंड्यातले. सासऱ्यांचा धंदा साबणाचा. जगाच्या एकीकरणाला साबणाचा पैसा लागला हे सासऱ्यांना कितपत रुचलं असेल, कोण जाणे.

शिकून झामेनहोफ झाला नेत्रवैद्य. वॉर्सातल्या गरीब ज्यू वस्तीत दवाखाना, फी जेमतेम. जगातले सगळे नेत्रपल्लवीवर समाधान मानत असताना डोळ्यांच्या डॉक्टरला जिभेची एवढी काळजी का, हा प्रश्न त्याच्या रोग्यांनाही पडत असणार.

पण बुद्धी अशी की बघत राहावं. हायस्कुलात असताना रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं, की रशियन भाषेत दारवानाच्या खोलीच्या नावाला आणि मिठाईच्या दुकानाच्या नावाला शेपूट एकच आहे. शेपूट पाठ केलं की शब्द आपोआप तयार होतात, वेगळा कोश घोकायला नको. आपल्याकडे हे काम ‘खाना’ करतो. दवाखाना, छापखाना, कारखाना, तोफखाना. फरक एवढाच, की आपण मधेच कंटाळतो आणि शाळेला शाळा म्हणतो. झामेनहोफने कंटाळा केला नाही. त्याच्या भाषेत ‘एयो’ म्हणजे ठिकाण. ‘लेर्नी’ म्हणजे शिकणं. म्हणून शाळा म्हणजे ‘लेर्नेयो’, शिकखाना. ‘प्रेजी’ म्हणजे प्रार्थना करणं. म्हणून चर्च, देऊळ, मशीद सगळ्यांना एकच ‘प्रेजेयो’. आणि इस्पितळाला काय म्हणायचं? ‘सान’ म्हणजे निरोगी. ‘माल’ म्हणजे उलट. ‘उल’ म्हणजे माणूस. ‘एय’ म्हणजे ठिकाण. झालं, ‘मालसानुलेयो’ : निरोगीच्या-उलट-माणसांचं-ठिकाण. शब्द उच्चारून होईपर्यंत रोगी बरा होतो किंवा प्रश्न मिटतो.

या ‘माल’ने डॉक्टरांचं अर्धं काम हलकं केलं. ‘बोना’ चांगला, ‘मालबोना’ वाईट. ‘यूना’ तरुण, ‘मालयूना’ म्हातारा. ‘देक्स्त्रा’ उजवा, ‘मालदेक्स्त्रा’ डावा. ‘फेर्मी’ म्हणजे बंद करणं आणि ‘मालफेर्मी’ म्हणजे उघडणं. दार वाजलं की एस्पेरांतो घरात ओरडून सांगतात, जरा बंद-च्या-उलट कर गं. उघडणं ही मूळ क्रिया का धरली नाही, यावर मी बराच विचार केला. ब्यालिस्तोकमध्ये लोक दारं बंदच ठेवत असावेत.

घोळ झाला तो आईच्या बाबतीत. ‘पात्रो’ म्हणजे बाप. बायकी शेपूट ‘इन’. म्हणून आई ‘पात्रीनो’. वाघाची वाघीण, तशी बापाची बापीण. तर्काला धरून आहे, पण हे आईच्या तोंडावर म्हणून दाखवावं. लग्नाच्या नात्याला ‘बो’ लावायचा, म्हणजे सासू झाली ‘बोपात्रीनो’, लग्नामुळे लागू झालेली बापीण. इथवर आपण हसून घेऊ. पण ‘बोफ्रातीनो’ या एकाच शब्दात नणंद, मेहुणी आणि भावजय तिघी बसतात, तेव्हा मराठी माणसाच्या अंगावर काटा येतो. इंग्रजीनेही तेच केलंय म्हणा. पण इंग्रजांना हळदीकुंकवाची यादी करायची नसते. ज्या घरात नणंदेला नणंद म्हणून आणि भावजयीला भावजय म्हणून वेगळं विचारावं लागतं, तिथे ही जागतिक शांततेची भाषा पहिल्याच दुपारी महाभारत घडवील.

क्रियापदांपुढे मात्र हात जोडावेत. आपलं लहान मूल ‘मी करला’ म्हणतं आणि आपण ताबडतोब ‘करला नाही रे, केला’ म्हणून त्याला सुधारतो. मूल बिचारं नियमाने वागलेलं असतं, बेशिस्त आपण. जातो-गेला, येतो-आला, पितो-प्यायला. या भूतकाळांना कायदा म्हणून नाही. एस्पेरांतोत वर्तमानकाळ ‘आस’, भूतकाळ ‘इस’, भविष्यकाळ ‘ओस’. ‘इरास’ जातो, ‘इरिस’ गेला, ‘इरोस’ जाईल. मी, तू, ती, आम्ही, कुणीही असो, रूप तेच. अपवाद एकही नाही. नाम ‘ओ’ने संपतं, विशेषण ‘आ’ने. टेबल तो की ते, वेळ ती की तो, हे वाद घालायची सोयच ठेवलेली नाही. मांजर ते, बोका तो आणि भाटी ती, असला कारभार पाहून डॉक्टरांनी चष्मा पुसला असता. प्रश्नार्थक आणि त्यांच्या जोडीच्या शब्दांचा तर त्यांनी तक्ताच केला, ४५ घरांचा. ‘कीए’ कुठे, ‘तीए’ तिथे, ‘चीए’ सगळीकडे, ‘नेनीए’ कुठेच नाही. ‘कीअम’ केव्हा, ‘तीअम’ तेव्हा. असा तक्ता आपल्याकडेही आहे, आपण त्याची टिमकी वाजवत नाही इतकंच. केव्हा-तेव्हा-जेव्हा, कसा-तसा-जसा, किती-तितका-जितका अगदी ओळीने उभे आहेत. मग ‘कुठे’ येतं, आणि ज्या जागी ‘तुठे’ यायला हवं तिथे ‘तिथे’ येऊन बसतं. एस्पेरांतोत आपल्याला ‘तुठे’ मिळालं असतं.

टॉलस्टॉयने लिहून ठेवलंय, की दोनएक तासांच्या अभ्यासाने त्याला ही भाषा लिहिता नाही तरी वाचता येऊ लागली. ‘युद्ध आणि शांती’ वाचायला ज्यांना तीन उन्हाळे लागले, त्यांनी हे मनाला लावून घेऊ नये.

एवढी सोपी भाषा काढणाऱ्या माणसाने एक खोड मात्र सोडली नाही. कुणाला टोपी न घालणाऱ्या या सज्जनाने सहा अक्षरांना मात्र टोप्या घातल्या. च, ज, श असे उच्चार दाखवायला रोमन अक्षरांच्या डोक्यावर चिन्हं. छापखान्यात ते खिळे नसत, टंकयंत्रांवर त्या कळा नसत. आपल्या बाराखडीत हे बहुतेक उच्चार जन्मापासून आहेत. पण ब्यालिस्तोकच्या बाजारात पाच भाषा असूनही देवनागरीचा गाळा नव्हता.

झामेनहोफ या धंद्यात पहिला नव्हता. फ्रान्समध्ये स्यूद्र नावाच्या संगीतशिक्षकाने सा रे ग मच्या त्यांच्याकडच्या सात स्वरांचीच भाषा केली होती, ‘सोलरेसोल’. बोला, गा, वाजवा, कसंही. शब्द उलटा केला की अर्थ उलटा. ‘दोमीसोल’ म्हणजे देव आणि ‘सोलमीदो’ म्हणजे सैतान. आरोह-अवरोहात घसरलेल्या गवयाचं काय होत असेल याची कल्पना करवत नाही. पेआनो नावाच्या इटालियन गणितज्ञाने १९०३ साली लॅटिन सोपं कसं करावं यावर लेख लिहिला. लेख सुरू होतो शुद्ध लॅटिनमध्ये. पुढे एकेक प्रत्यय अनावश्यक असल्याचं सिद्ध करत तो लागलीच सोडून देत जातो, आणि शेवटाला पोचेपर्यंत लेखाच्या अंगावर एकही प्रत्यय उरत नाही. विद्वानाने इतक्या प्रामाणिकपणे स्वतःचं म्हणणं पाळलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

खरा प्रतिस्पर्धी होता व्होलाप्यूक. दक्षिण जर्मनीतले योहान मार्टिन श्लायर हे कॅथलिक धर्मगुरू. १८७९ च्या सुमारास एका रात्री झोप येईना, तेव्हा देवाने त्यांना जगासाठी भाषा कर असं सांगितलं. बाकीच्यांना झोप येत नाही तेव्हा फार तर शेजाऱ्यांचा राग येतो. व्होलाप्यूक भराभर पसरली. १८८९ मध्ये पॅरिसला तिचं तिसरं अधिवेशन भरलं ते संपूर्ण व्होलाप्यूकमध्ये. वाढपीसुद्धा त्याच भाषेत बोलत होते म्हणतात. आणि इथेच घात झाला. आधीची दोन अधिवेशनं जर्मनमध्ये झाली होती, सगळे सुखात होते. आता सगळ्यांना सगळं कळू लागलं, आणि सुधारणा हव्यात असा ठराव आला. श्लायरबुवा म्हणाले, भाषा माझी, शेवटचा शब्द माझा, नकाराधिकार पाहिजे. सभासद म्हणाले, मग बसा. प्रत्येक सुधारकाने आपापली सुधारित व्होलाप्यूक काढली आणि काही वर्षांत खेळ खलास. आज डॅनिश भाषेत ‘व्होलाप्यूक’ हा शब्द जिवंत आहे. त्याचा अर्थ अगम्य बडबड.

झामेनहोफने हा धोका आधीच ओळखला असावा, कारण १८८७ च्या पहिल्याच पुस्तकात त्याने लिहून टाकलं होतं की आंतरराष्ट्रीय भाषा ही सगळ्यांची मालमत्ता, तिच्यावरचा माझा हक्क मी कायमचा सोडतो. परिणाम लगेच दिसला. १८९४ मध्ये त्याने स्वतःच काही सुधारणा सुचवल्या, त्यावर मत घेतलं, आणि लोकांनी बापालाच बहुमताने पाडलं. भाषा आहे तशी ठेवा म्हणाले. झामेनहोफने मुकाट्याने मान्य केलं. आपल्याकडे संस्थापक असा वागला असता तर त्याच्या प्रकृतीची चौकशी झाली असती.

१९०५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या बुलोन-सुर-मेर इथे पहिलं जागतिक अधिवेशन. २० देशांचे ६८८ लोक. तोवर हे सगळे एकमेकांना पत्रांतूनच ओळखत होते. आपण बोललो तर समोरच्याला कळेल का, ही धाकधूक संस्थापकासकट सगळ्यांना. बोलले, कळलं. डोळ्यांत पाणी वगैरे आलं. आणि लगोलग राजकारणही आलं. झामेनहोफने एक प्रार्थना रचली होती. ख्रिस्ती, ज्यू, मुसलमान सारे देवाची लेकरं अशा अर्थाचं तिचं शेवटचं कडवं. फ्रेंच पुढाऱ्यांना ते नको होतं, एस्पेरांतोचा बाप ज्यू आहे हेही फार कळायला नको होतं. कडवं गळालं. बंधुभावाच्या पहिल्याच सभेत बंधुभावाचं कडवं वगळायचा निर्णय, आणि तो कळायला दुभाष्या लागला नाही.

दोन वर्षांनी खरी मजा. पॅरिसमध्ये एक समिती बसली : जगासाठी कोणती भाषा निवडावी? समितीत ओस्टवाल्डसारखे रसायनशास्त्रज्ञ होते, येस्पर्सनसारखे भाषापंडित होते. एस्पेरांतोची बाजू मांडायला झामेनहोफने लुई द बोफ्रों या जुन्या, कडव्या एस्पेरांतोवाल्याला पाठवलं. समितीपुढे एक निनावी प्रस्ताव आला. एस्पेरांतो चांगलीच आहे, पण टोप्या काढा, हे प्रत्यय गाळा, ते बदला. प्रस्तावाखाली टोपणनाव होतं ‘इदो’. एस्पेरांतोत त्याचा अर्थ अपत्य. समितीला प्रस्ताव आवडला. पुढच्या वर्षी बोफ्रोंने कबूल केलं की तो निनावी लेखक मीच. वकील आपला, फी आपली, आणि विरुद्ध पक्षाचा अर्ज त्याच्याच अक्षरात! बरेच पुढारी पोराच्या मागे गेले, सामान्य सभासद बापापाशी राहिले. मग इदो या नव्या भाषेतही सुधारकांना सुधारणा सुचू लागल्या. समितीतल्या येस्पर्सननी १९२८ मध्ये स्वतःचीच ‘नोव्हियाल’ काढली. माणसाला एकदा व्याकरणाची चूल मांडता येऊ लागली की तो दुसऱ्याच्या पंगतीत बसत नाही.

याच काळात एस्पेरांतोला जवळजवळ एक देश मिळाला होता. बेल्जियम, जर्मनी आणि नेदरलंड्सच्या बेचक्यात १८१६ पासून एक साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा वादात पडून होता, तटस्थ मोरेस्ने. जस्ताच्या खाणीपायी तो कुणीच सोडायला तयार नव्हतं. खाण संपली, वाद राहिला. तिथल्या खाणीचे डॉक्टर मॉली यांना आधी स्वतःची टपाल तिकिटं काढून पाहायची हौस आली होती, ती सरकारांनी मोडली. १९०८ मध्ये त्यांनी या तुकड्याचा एस्पेरांतो देश करायचं ठरवलं. नाव ‘अमिकेयो’. वर मालसानुलेयोतला ‘एयो’ पाहिलात, तोच हा, म्हणजे दोस्तखाना. समारंभ झाला, बँड वाजला. महायुद्धानंतर तहात तो तुकडा बेल्जियमला मिळाला. डॉक्टर लोकांनी या भाषेचा एवढा ध्यास का घेतला, हा वेगळ्या संशोधनाचा विषय आहे; कदाचित त्यांच्या अक्षरामुळे त्यांना समजलं न जाण्याचं दुःख जास्त कळत असावं.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघात एस्पेरांतो शाळांत शिकवावी असा विषय निघाला. फ्रान्सने तो हाणून पाडला. जगाची भाषा फ्रेंच आहेच, दुसरी कशाला? १९२२ मध्ये फ्रेंच शिक्षणमंत्र्यांनी शाळांतून ती शिकवायला मनाई केली. समोरच्या दाराशी एस्पेरांतोला अडवायला फ्रेंच असे ठामपणे उभे राहिले, आणि मागच्या दाराने इंग्रजी आत येऊन खुर्चीवर बसली.

यापुढचा भाग हसण्याचा नाही, म्हणून थोडक्यात. हिटलरला ही ज्यूंची कारस्थानी भाषा वाटली आणि स्टालिनला परदेशी हेरांची. १९३७-३८ मध्ये रशियात एस्पेरांतोवाल्यांना वेचून काढलं गेलं. झामेनहोफ १९१७ मध्येच गेला होता. त्याचा मुलगा आदाम १९४० साली गोळ्या घालून मारला गेला; झोफिया आणि लिडिया या मुली १९४२ मध्ये ट्रेब्लिंकात. लिडिया देशोदेशी फिरून बापाची भाषा शिकवत असे. अमेरिकेत होती, व्हिसा वाढवून मिळाला नाही, पोलंडला परतली.

ज्या भाषेची हुकूमशहांना भीती वाटली, तिला अमेरिकी लष्कराने वेगळीच नोकरी दिली. युद्धाच्या सरावात सैनिकांना खोटा शत्रू लागतो, आणि शत्रूला परकी भाषा लागते. खऱ्या देशाची भाषा वापरली तर त्या देशाचा वकील भांडायला येणार. १९६२ मध्ये लष्कराने अधिकृत पुस्तिका काढली : शत्रूची भाषा एस्पेरांतो. शांततेसाठी घडवलेली भाषा बोलत सैनिक झुडपांतून एकमेकांवर धावून जाऊ लागले. १९६६ मध्ये हॉलिवूडने ‘इन्क्युबस’ नावाचा भुताखेतांचा सिनेमा आख्खा एस्पेरांतोत काढला. नायक विल्यम शॅटनर, अंतराळयानाचा कप्तान म्हणून गाजायच्या बेतात असलेला. वातावरण भीतिदायक व्हावं म्हणून ही भाषा निवडली होती. एस्पेरांतो येणारे प्रेक्षक उच्चार ऐकून हसत सुटले असं सांगतात. पुढे सिनेमाच्या प्रती हरवल्या. तीसेक वर्षांनी एक सापडली ती पॅरिसमध्ये, आणि तिच्यावर खाली फ्रेंच अक्षरं छापलेली. फ्रेंचांनी इथेही सोडलं नाही.

आपल्या गागोद्याच्या विनोबांनीही ही भाषा शिकून पाहिली. वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेच्या भाषा शिकणाऱ्या माणसाला एक भाषा आणखी म्हणजे काही विशेष नाही. तिबोर सेकेल नावाचा युगोस्लाव्हियाकडचा भटक्या लेखक भूदानाच्या पदयात्रेत त्यांच्याबरोबर चालला आणि चालता चालता त्याने धडे दिले. विनोबांचा चालण्याचा वेग ऐकून असलेल्यांना पटेल, की नियम सोळाच होते हे गुरुजींचं नशीब.

मग आज ही भाषा बोलतं कोण? अंदाज काही हजारांपासून वीस लाखांपर्यंत पसरलेले आहेत, म्हणजे पोलिसांचा आकडा आणि आयोजकांचा आकडा. एक कोटी कधी झालेच नाहीत. पण जे आहेत त्यांनी मधल्या काळात एक गंमत केली. डॉक्टरांनी कोशात न ठेवलेल्या गोष्टी त्यांनी स्वतःच्या गरजेने केल्या. टिंगल केली, शिव्या केल्या, टोमणे केले. एस्पेरांतो अधिवेशनाला येऊन कोपऱ्यात आपापल्या मातृभाषेत कुजबुजत बसणाऱ्यांसाठी क्रियापद आहे ‘क्रोकोदिली’, मगरणं. दोन मराठी माणसं परदेशात भेटली की पहिल्या वाक्यानंतर मगरतातच, नाही तर इंग्रजीत बोलतात. तिसरा पर्याय मी पाहिलेला नाही. अशा अधिवेशनांत तरुण-तरुणींचं जमायचं प्रमाण इतकं, की त्यांनीच भाषेच्या नावावर कोटी करून ‘एद्झपेरांतो’ असा शब्द केला. ‘एद्झो’ म्हणजे नवरा आणि ‘पेरांतो’ म्हणजे जुळवून देणारा. आपल्या वधू-वर सूचक मंडळांनी दखल घ्यावी. नवरा एका देशाचा, बायको दुसऱ्या, घरात एस्पेरांतो, आणि पोरं जन्मापासून एस्पेरांतो बोलणारी. बोलता बोलता ही पोरं डॉक्टरांनी जपून ठेवलेला कर्माचा ‘न’ प्रत्यय खुशाल गिळतात, असं भाषाशास्त्रज्ञांना आढळलं. डॉक्टरांनी घासून-पुसून सगळे अपवाद काढले. नातवंडांनी ते पुन्हा घालायला घेतले.

वादांना तर आता घरच्यासारखी ऊब आलीय. १९८० मध्ये फिनलंडमधल्या राउमा गावात तरुणांनी जाहीरनामाच काढला : जग जिंकायचं वगैरे राहू द्या, आपण आपले एस्पेरांतोत मजेत राहू. अंतिम विजयाची वाट पाहणारे जुने लोक यावर अजून रागावलेले असतात. बापिणीचा प्रश्न ऐरणीवर आहे. पुरुषांनाही वेगळं शेपूट लावावं, स्त्री-पुरुष कुणालाही चालेल असं सर्वनाम असावं, यावर दोन्ही बाजू हातघाईवर येतात. सगळ्यांत थोर भांडण मात्र ‘आता’ आणि ‘इता’ या दोन प्रत्ययांचं. घर १८८७ मध्ये बांधलं गेलं म्हणताना ‘कोन्स्त्रुआता’ म्हणायचं की ‘कोन्स्त्रुइता’, यावर शहाणी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांवर लेख लिहीत होती, जर्मन पद्धतीने विचार करणारे आणि न करणारे असे तट पडले होते. १९६७ मध्ये एस्पेरांतो अकादमीने ‘इता’च्या बाजूने निकाल दिला. ही सगळी हमरीतुमरी झाली अस्खलित एस्पेरांतोत, कर्माच्या ‘न’ला धक्का न लावता.

हौशी प्रवाशांसाठी जाता जाता एक सोय सांगून ठेवतो. ‘पास्पोर्ता सेर्वो’ नावाची यादी १९७४ पासून चालू आहे. एस्पेरांतो बोलता येत असेल तर तिच्यातले यजमान जगभर कुठेही तुम्हाला घरी फुकट उतरवून घेतात. गादी मिळते, बहुधा चहाही मिळतो. ‘आता’ आणि ‘इता’वरचं यजमानांचं मत मात्र पूर्ण ऐकून घ्यावं लागत असणार.